भावकीचे माप

कोल्हापूरच्या गुजरीत लग्नसराईला, भावकीतल्या सुनेपेक्षा आपल्या लेकीचा साज हलका दिसू नये म्हणून जमीन तारण ठेवून आलेला बाप जेव्हा जावमण्यांमधली चंद्र, मासा, कासवाची पाने निरखून वजन वाढवावयास सांगतो, तेव्हा त्याला उधळ्या म्हणणे मला अन्यायाचे वाटते. वस्तुनिष्ठ माप नसले की मनुष्य आपली योग्यता इतरांवरून, आणि तीही दूरच्या धनिकावरून नव्हे तर स्वतःसारख्यांवरूनच, ठरवितो, असा सिद्धान्त मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडला. म्हणूनच राजवाड्याचे वैभव खुपत नाही, भावकीचे खुपते. अर्थशास्त्रज्ञ जेम्स ड्यूझेनबेरी यांच्या १९४९ सालच्या प्रतिपादनानुसार तर एकदा वाढलेली राहणी मिळकत घटली तरी सहजी उतरत नाही. कारखान्याकडून उसाचे बिल लांबते, पण धाकटीच्या लग्नाचा मांडव तेवढाच पडतो.