घरी जाळलेली तबकडी

श्रोतेहो, तबकडी म्हटले की आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाखेची, काळी, जड तबकडी उभी राहते. माझ्या आजच्या बोलण्याचा विषय ती नव्हे. तिच्या मागाहून आलेली, हलकी, चकचकीत, उन्हात धरली असता इंद्रधनुष्याचे रंग दाखविणारी जी सीडी किंवा डीव्हीडी, आणि तीही दुकानातून विकत आणलेली नव्हे, तर घरच्या संगणकावर आपल्याच हातांनी भरलेली, तिच्याविषयी मला चार शब्द सांगावयाचे आहेत. या भरण्याच्या क्रियेला ‘बर्न करणे’, म्हणजे शब्दशः जाळणे, असे म्हणतात. आमच्या घरी हा शब्द प्रथम उच्चारला गेला तेव्हा आमच्या काकू दचकून म्हणाल्या होत्या, “अरे, चांगली वस्तू जाळता कशाला?” तो प्रश्न वाटला तितका भाबडा नव्हता.

सीडी बाजारात आली ती १९८२ साली, फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांच्या सहकार्याने. तिचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. कारखान्यात तयार होणाऱ्या तबकडीत साच्याच्या दाबाने सूक्ष्म खळगे उमटवितात आणि त्यांवर धातूचा आरशासारखा पातळ थर देतात. खळग्यांची ही रांग एकच, नागमोडी नव्हे तर चक्राकार, आणि ग्रामोफोनच्या उलट आतून बाहेर जाणारी असते. शेजारच्या दोन वेढ्यांत अंतर इतके थोडे की एका मिलिमीटरात सहाशेंहून अधिक वेढे बसतात. सबंध रांग उलगडली तर ती पाच किलोमीटरांहून लांब भरेल. लेसरचा किरण या रांगेवरून फिरतो, आणि परत येणारा प्रकाश कोठे कमी, कोठे अधिक, एवढ्यावरूनच यंत्राला गाणे, चित्र वा मजकूर यांचा बोध होतो.

घरी साचा कोठून आणावयाचा? ही अडचण ज्या युक्तीने दूर झाली तिच्यातच आजच्या विषयाचे मर्म आहे. कोऱ्या तबकडीत धातूच्या थराखाली एका सेंद्रिय रंगाचा थर असतो. तळाकडून दिसणारी हिरवट वा निळसर झाक ती या रंगाचीच. वाचताना लेसर मंद असतो. लिहिताना तोच कितीतरी पटींनी प्रखर होतो आणि त्याच्या उष्णतेने रंगाचा एकेक ठिपका पालटून जातो. त्या ठिकाणाहून प्रकाश कमी परततो आणि यंत्राला वाटते की येथे खळगा आहे. वस्तुतः तेथे खळगा नसतो, भाजल्याचा डाग असतो. काकूंची शंका म्हणूनच अगदीच अस्थानी नव्हती.

आता ज्या रंगावर प्रकाशाने लिहिता येते, तो रंग प्रकाशाने आणि उष्णतेने बिघडणारच. साच्यातील खळगा उन्हाने पुसत नाही. रंग हळूहळू विटतो. घरच्या तबकडीची सोय आणि तिचे वैगुण्य ही दोन्ही एकाच गुणातून निघालेली आहेत. पुनःपुन्हा पुसून लिहिता येणाऱ्या तबकडीत रंगाऐवजी धातूंचे मिश्रण असते, पण तिचा येथे विस्तार करीत नाही.

भरण्याच्या कामात नवख्याची फसगत होत असे ती बहुधा एकाच ठिकाणी. साधी डेटा तबकडी ही प्रवासाच्या ट्रंकेसारखी असते. तीत पत्रे, छायाचित्रे, हिशेब, काहीही कोंबावे. व्हिडिओ तबकडीचे तसे नाही. दूरचित्रवाणीखाली ठेवलेला प्लेअर मोठा कर्मठ. त्याला ठराविक नावाच्या कप्प्यात, ठराविक पद्धतीने मांडलेले चित्रच चालते. आपल्याकडच्या पद्धतीत डीव्हीडीसाठी ७२० गुणिले ५७६ बिंदूंची, सेकंदाला २५ चित्रे असावयास हवीत. जुन्या व्हीसीडीवर हेच मान ३५२ गुणिले २८८ एवढे होते, आणि तीवर तासा-सव्वा तासाचेच चित्रण मावत असल्यामुळे चित्रपटाच्या ऐन मध्यावर तबकडी बदलण्यास उठावे लागे, हे अनेकांना स्मरत असेल. डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मावतात. संगणक मात्र तेवढीच जागा ४.३८ दाखवितो. यात विक्रेत्याची लबाडी नाही. एकजण हजारांनी मोजतो, दुसरा १०२४ नी, इतकेच. कॅमेऱ्यातील चित्रण या साच्यात बसविताना त्यातला काही तपशील कायमचा गळतो. म्हणून लग्नमुंजीच्या चित्रणाची मूळ प्रत डेटा म्हणून निराळी ठेवणारे गृहस्थ शहाणे ठरले.

जळण सुरू झाले की संगणकाने माहितीचा ओघ अखंड चालू ठेवला पाहिजे, असा आरंभीच्या यंत्रांचा दंडक होता. ओघ क्षणभर तुटला की तबकडी वाया. अशा किती तबकड्या कबुतरे हाकण्यासाठी सज्जांत टांगल्या गेल्या याची गणती नाही! सन २०००च्या सुमारास थांबून पुन्हा त्याच बिंदूपासून लिहू शकणारी यंत्रे आली आणि ही भीती सरली. शेवटी तबकडी ‘बंद’ करावी लागे. ते राहून गेले तर ती आपल्या संगणकावर दिसे आणि शेजाऱ्याच्या प्लेअरवर दिसत नसे, व दोष बिचाऱ्या प्लेअरवर येई.

आता जे सांगावयाचे ते थोडे घरगुती आहे. आमच्या आईने जात्यावरच्या ओव्या साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर म्हणून ठेवल्या होत्या. २००४ साली मी बडोद्याच्या घरी त्या संगणकावर घेतल्या, दोन तबकड्या जाळल्या, एक इंदूरला बहिणीकडे धाडली आणि कॅसेट, आता तिची गरज काय म्हणून, रद्दीबरोबर देऊन टाकली. माझ्या तबकडीवर मी मोठ्या हौसेने आईचे छायाचित्र असलेला कागद चिकटविला आणि ती खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटात उभी करून ठेवली. बारा वर्षांनी लावून पाहिली, तो यंत्र बराच वेळ घरघरले आणि तबकडी कोरी असल्याचा निर्वाळा देऊन मोकळे झाले. उन्हाने घात केला की चिकटीने, कोण जाणे. सीडीत माहितीचा थर चित्राच्या बाजूस, लाखेसारख्या पातळ लेपाखाली असतो. वरून बोलपेनाने लिहिणे वा कागद डकविणे तिला मानवत नाही. डीव्हीडीत तो दोन पत्र्यांच्या मध्ये असल्याने तेवढा तरी सुरक्षित.

मधल्या वर्षांत तिने कुरकुर कशी केली नाही, याचे मला नवल वाटले. त्याचे कारण गणितात आहे. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० साली अंकांची एक अशी रचना प्रसिद्ध केली की काही अंक नष्ट झाले तरी उरलेल्यांवरून ते परत काढता यावेत. तिच्या आधारे सीडी सुमारे अडीच मिलिमीटरांचा ओरखडा निमूटपणे भरून काढते. सोय मोठी खरी, परंतु तिच्यामुळे झीज आपणांस दिसत नाही. सुधारण्याची मर्यादा संपेपर्यंत सारे सुरळीत भासते आणि मर्यादा ओलांडली की तबकडी एकदम मुकी होते. तेव्हा ‘आमची तर अजून चालते’ या भरवशावर कोणी राहू नये.

आज नव्या संगणकांत तबकडीचा कप्पा बहुधा नसतोच. बाहेरून जोडावयाचे वाचक-यंत्र घ्यावे लागते. २०२५च्या फेब्रुवारीत सोनीने आपल्या कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादनही थांबविले. म्हणून घरातील ट्रंका, कपाटे उघडून हे काम यंत्रे मिळतात तोवर उरकावे. तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल गोल कदापि नाही. एका यंत्राने नाकारलेली तबकडी दुसरे कधी कधी वाचते. वेग कमी ठेवावा. अडलेली जागा सोडून पुढे वाचणारे आणि मग मागे येऊन पुनःपुन्हा प्रयत्न करणारे विनामूल्य प्रोग्रॅमही मिळतात. जे हाती लागेल ते दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावे, आणि त्यातले एक ठिकाण घराबाहेरचे असावे.

इंदूरची तबकडी बहिणीने कापडात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवली होती. तिसऱ्या यंत्राने ती वाचली, पण पुरती नाही. रांग आतून बाहेर जाते आणि कड आधी खराब झालेली, त्यामुळे पहिली ४३ मिनिटे स्वच्छ निघाली. उरलेल्या १७ मिनिटांत आईने कोणत्या ओव्या म्हटल्या होत्या, याविषयी आम्हां भावंडांत अद्याप एकमत झालेले नाही.