जुन्या संघाची हाक

(लिव्हरपूल हा इंग्लंडमधील एक नामांकित फुटबॉल संघ आहे. या संघाचे जुने व्यवस्थापक केनी डॅल्ग्लिश हे २० वर्षांनी आपल्या संघाकडे परत आले. त्या वेळी संघ अडचणीत होता. परत येऊन ते काय करू शकले आणि काय करू शकले नाहीत, याची माहिती या पाठात दिली आहे.)

फुटबॉलचा सामना पाहताना आपले लक्ष खेळाडूंकडे असते. गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. पण मैदानाच्या कडेला, पांढऱ्या रेषेबाहेर, एक माणूस उभा असतो. तो चेंडूला पाय लावत नाही. तरीही संघ हरला, की पहिला जाब त्यालाच विचारतात. तो म्हणजे संघाचा व्यवस्थापक. इंग्लंडमध्ये त्याला मॅनेजर म्हणतात. कोणते अकरा खेळाडू मैदानात उतरवायचे, कोणी कोठे खेळायचे, कोणाला बदलायचे, हे तो ठरवतो. नवे खेळाडू घेताना आणि जुने सोडतानाही त्याचे मत विचारले जाते.

इंग्लंडमधील सर्वांत वरच्या साखळी स्पर्धेचे नाव प्रीमियर लीग आहे. तीत २० संघ असतात. प्रत्येक संघ इतर १९ संघांशी दोनदा खेळतो. एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या मैदानावर. म्हणजे एका हंगामात एका संघाचे ३८ सामने होतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला १ गुण आणि पराभवाला शून्य. हंगाम संपला, की तळाचे ३ संघ खालच्या गटात जातात. मोठ्या संघाला याहून मोठी नामुष्की नाही.

केनी डॅल्ग्लिश यांचा जन्म १९५१ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात झाला. १९७७ साली ते खेळाडू म्हणून लिव्हरपूल संघात आले. १९८५ साली त्यांना व्यवस्थापक नेमण्यात आले. त्या वेळी ते स्वतःही खेळत होते. एकाच माणसाने खेळायचे आणि संघही सांभाळायचा, ही गोष्ट सोपी नव्हती. पण पहिल्याच हंगामात लिव्हरपूलने साखळी स्पर्धा आणि एफ. ए. कप ही दोन्ही बक्षिसे जिंकली. साखळीचे अजिंक्यपद पक्के करणारा गोल डॅल्ग्लिश यांनीच केला. पुढे १९८८ आणि १९९० साली त्यांच्या हाताखाली संघ पुन्हा अजिंक्य ठरला.

पण लिव्हरपूलचे लोक डॅल्ग्लिश यांना केवळ विजयांसाठी मानत नाहीत. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचा सामना होता. एका बाजूच्या प्रेक्षक कठड्यात प्रमाणाबाहेर गर्दी झाली. माणसे लोखंडी जाळीवर चेंगरली. या दुर्घटनेत ९७ लोकांचा बळी गेला. त्यांत कितीतरी मुले आणि तरुण होते. त्यानंतरच्या दिवसांत डॅल्ग्लिश, त्यांची पत्नी आणि खेळाडू शोकाकुल कुटुंबांना भेटत राहिले. डॅल्ग्लिश अनेक अंत्ययात्रांना गेले. एका दिवशी तर चार ठिकाणी गेले. शहराच्या दुःखात ते घरच्या माणसासारखे उभे राहिले.

या साऱ्याचा भार त्यांच्या मनावर साचत गेला. २२ फेब्रुवारी १९९१ रोजी त्यांनी अचानक राजीनामा दिला. त्या वेळी संघ गुणतक्त्यात सर्वांत वर होता. यशाच्या शिखरावर असताना हा माणूस का जातो, हे अनेकांना कळेना. पण मनही थकते, आणि थकलेल्या मनाला विसावा लागतो, हे त्यांना कळले होते. पुढे त्यांनी ब्लॅकबर्न या संघाची धुरा घेतली आणि १९९५ साली त्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले.

इकडे लिव्हरपूलला मात्र १९९० नंतर साखळी स्पर्धा जिंकता येईना. २००९ साली डॅल्ग्लिश संघाच्या कनिष्ठ गटातील मुलांच्या प्रशिक्षणाचे काम पाहण्यासाठी परत आले. २०१० साली व्यवस्थापकाची जागा रिकामी झाली, तेव्हा त्यांनी ती सांभाळण्याची तयारी दाखवली. पण संघाने रॉय हॉजसन या अनुभवी गृहस्थांना नेमले. तो हंगाम वाईट गेला. ऑक्टोबर महिन्यात संघ तळाच्या तिघांत जाऊन पडला. त्याच महिन्यात संघाचे मालकही बदलले. पहिल्या २० सामन्यांत संघाला फक्त २५ गुण मिळाले आणि तो १२ व्या स्थानावर होता. खालच्या गटात जाण्याची भीती अजून टळली नव्हती.

८ जानेवारी २०११ रोजी हॉजसन यांनी पद सोडले. डॅल्ग्लिश त्या वेळी सुट्टीत सागरी सफरीला गेले होते. निरोप येताच सफर अर्धी टाकून ते परत आले. दुसऱ्याच दिवशी मँचेस्टर युनायटेड या बलाढ्य संघाशी सामना होता. प्रेक्षकांनी त्यांच्या नावाचा जयघोष केला. पण सामना लिव्हरपूलने ०-१ असा गमावला. त्यानंतरचा सामनाही संघ हरला. जुने नाव परत आले, म्हणून जुने यश लगेच परत येत नाही!

मग बदल कसा झाला? पहिली गोष्ट म्हणजे विश्वास. खेळाडू भीत भीत खेळत होते. प्रेक्षक चिडलेले होते. डॅल्ग्लिश आल्यावर प्रेक्षक शांत झाले आणि खेळाडूंवरचे दडपण कमी झाले. दुसरी गोष्ट म्हणजे ओळख. कनिष्ठ गटातील मुलांचा खेळ त्यांना ठाऊक होता. एप्रिल महिन्यात जॉन फ्लॅनगन आणि अवघ्या १७ वर्षांचा जॅक रॉबिन्सन या मुलांना त्यांनी मोठ्या सामन्यांत उतरवले. नवखा व्यवस्थापक असे धाडस सहसा करत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे नवे खेळाडू. जानेवारीच्या अखेरीस नावाजलेला आघाडीवीर टोरेस चेल्सी संघाकडे गेला. त्याच्या जागी सुआरेझ आणि कॅरोल आले.

६ मार्च रोजी लिव्हरपूलने त्याच मँचेस्टर युनायटेडला ३-१ असे हरवले. उरलेल्या १८ सामन्यांत संघाने ३३ गुण मिळवले. म्हणजे आधीच्यापेक्षा दोन सामने कमी आणि आठ गुण जास्त! हंगामाच्या शेवटी संघ सहाव्या स्थानावर आला. सुरुवातीला हे काम डॅल्ग्लिश यांच्याकडे फक्त हंगामापुरते होते. मे महिन्यात त्यांना तीन वर्षांचा करार मिळाला.

गोष्ट येथेच संपली असती, तर ती फार गोड झाली असती. पण पुढचा हंगाम अवघड गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये संघाने लीग कप जिंकला. सहा वर्षांनी मिळालेले ते पहिले मोठे बक्षीस होते. एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यापर्यंतही संघ पोहोचला, पण तेथे चेल्सीकडून हरला. साखळीत मात्र घरच्या १९ सामन्यांपैकी फक्त ६ जिंकता आले. संघ आठव्या स्थानी राहिला.

त्याच हंगामात मैदानाबाहेरही चूक झाली. सुआरेझने प्रतिस्पर्धी खेळाडू एव्हरा याच्या वर्णावरून अपशब्द वापरल्याचे चौकशीत ठरले आणि त्याच्यावर आठ सामन्यांची बंदी आली. डॅल्ग्लिश आपल्या खेळाडूच्या पाठीशी उभे राहिले. पुढे फेब्रुवारीत सुआरेझने एव्हराशी हस्तांदोलन टाळले, तेव्हाही दूरदर्शनच्या मुलाखतीत त्यांनी त्याचीच बाजू घेतली. लोकांना हे आवडले नाही. दुसऱ्या दिवशी डॅल्ग्लिश यांनी जाहीर माफी मागितली. आपले वागणे लिव्हरपूलच्या व्यवस्थापकाला शोभणारे नव्हते, हे त्यांनी मान्य केले. आपल्या माणसावर माया असावी. पण तो चुकला, तर चूक झाकू नये. हा धडा त्यांना साठीनंतर मिळाला.

१६ मे २०१२ रोजी मालकांनी त्यांना पदावरून दूर केले. ज्या शहराने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच शहराच्या संघात हे घडले. जुन्या माणसाला प्रेम मिळते, विश्वास मिळतो, पण गुणतक्ता कोणाची ओळख ठेवत नाही.

मग परत येण्याने त्यांची किंमत कमी झाली का? मुळीच नाही. २०१३ साली संघाने त्यांना संचालक म्हणून बोलावले. २०१७ साली लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावरील एका मोठ्या प्रेक्षागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. २०१८ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. दुसऱ्या वेळी ते अजिंक्यपद मिळवू शकले नाहीत, हे लोकांना ठाऊक आहे. पण घर अडचणीत असताना हाक आली आणि आपल्या कीर्तीला धक्का लागेल याची पर्वा न करता हा माणूस धावून आला, हेही लोक विसरलेले नाहीत.

शब्दार्थ

जाब विचारणे – कारण विचारणे, जबाबदार धरणे
हंगाम – मोसम, खेळाचा ठरलेला काळ
नामुष्की – बदनामी, बेइज्जत
शोकाकुल – दुःखात बुडालेले
धुरा घेणे – जबाबदारी स्वीकारणे
दडपण – मनावरील ओझे
हस्तांदोलन – हात मिळवणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रीमियर लीगमध्ये किती संघ असतात?
(आ) डॅल्ग्लिश यांनी पहिल्यांदा राजीनामा दिला, तेव्हा संघ कोणत्या स्थानावर होता?

२. कारणे द्या.
(अ) लिव्हरपूलचे लोक डॅल्ग्लिश यांना घरच्या माणसासारखे मानतात.
(आ) डॅल्ग्लिश यांनी जाहीर माफी मागितली.

३. 'गुणतक्ता कोणाची ओळख ठेवत नाही,' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. तुमच्या वर्गाचा संघ सतत हरत आहे. तुम्हाला कर्णधार केले, तर तुम्ही काय कराल? आठ ते दहा ओळी लिहा.