काडतुसांची निवड, दूर पल्ल्याच्या नेमबाजीसाठी

दूरचे लक्ष्य अचूक वेधता यावे म्हणून विशिष्ट रायफलीस अनुरूप असे काडतूस ठरविण्याची क्रिया. काडतुसाचे पुंगळी, टोपी, दारू व गोळी असे चार घटक असतात. सर्वांत वेगवान काडतूस तेच सर्वांत अचूक, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. अचूकता वेगावर नव्हे, तर एकामागून एक उडणाऱ्या गोळ्यांच्या वेगातील सारखेपणावर अवलंबून असते.

५० मी. अंतरावरील स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिमी. असतो. या स्पर्धेत ५.६ मिमी. अंतर्व्यासाची रायफल वापरतात. तिची शिशाची गोळी सुमारे २.६ ग्रॅ. वजनाची असून नळीतून सेकंदास सु. ३२५ मी. वेगाने सुटते. हा वेग ध्वनिवेगापेक्षा हेतुतः कमी ठेवलेला असतो, कारण ध्वनिवेग ओलांडताना गोळीस हादरे बसतात व तिची दिशा बिघडते. अशा दोन गोळ्यांच्या वेगांत सेकंदास १० मी. फरक पडला, तर लक्ष्यावर त्यांच्या उंचीत ६ ते ७ मिमी. अंतर पडते, म्हणजे नेमबाजाची काहीही चूक नसताना गुण जातो. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. पालथ्या स्थितीतील जागतिक अजिंक्यपद मिळविले, तर स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. त्रिस्थिती प्रकारात कांस्यपदक पटकावले. या दर्जाच्या स्पर्धेत गुणांचा निर्णय दशांशावर होतो, आणि दशांश काडतुसाच्या हाती असतो.

यामुळे निवड काडतुसाच्या नावाची नसून उत्पादनाच्या खेपेची असते. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या दोन खेपा एकाच नळीतून वेगळ्या वागतात. आणि एका रायफलीला मानवलेली खेप शेजारच्या रायफलीस मानवेलच असे नाही. म्हणून रायफल शिकंजात घट्ट बसवून निरनिराळ्या खेपांच्या गोळ्या झाडतात, त्यांच्या छिद्रांचे गट मोजतात व सर्वांत लहान गट देणारी खेप पुरेशा संख्येने विकत घेतात. पाच गोळ्यांच्या एका सुबक गटावर विसंबणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. असे अनेक गट पाहावे लागतात.

३०० मी. व त्यापुढे गोळीचा आकार आणि वजन यांना महत्त्व येते. ७.६२ मिमी. रायफलीची ९.५ ग्रॅ. वजनाची लष्करी गोळी सेकंदास सु. ८४० मी. वेगाने सुटते, तर नेमबाजीची ११.३ ग्रॅ.ची लांबट, निमुळत्या बुडाची गोळी सु. ७९० मी. वेगाने. तरीही सेकंदास ३ मी. वेगाच्या आडव्या वाऱ्यात ३०० मी.वर पहिली १७ ते १८ सेंमी. ढळते, दुसरी सु. १४ सेंमी. हलकी गोळी सुमारे ८०० मी.च्या पुढे ध्वनिवेगाजवळ येऊन डळमळू लागते. मात्र लांब गोळीस स्थिर ठेवण्यासाठी नळीतील आट्यांचा पीळ अधिक घट्ट असावा लागतो. सर ॲल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी सूत्र मांडले : गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून गोळीच्या लांबीने भागले असता, एका पूर्ण पिळास लागणारी नळीची लांबी मिळते. ३१.५ मिमी. लांबीच्या ७.६२ मिमी. गोळीसाठी ती सु. २९ सेंमी. येते. पुष्कळ लष्करी रायफलींचा पीळ ३०.५ सेंमी. असतो, त्यांत ही गोळी कशीबशी निभावते.

दारू तापमानास संवेदनशील असते. सामान्य दारूचा वेग दर अंशास सेकंदाला साधारण अर्धा मीटर वाढतो. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हिवाळ्यातील पहाटे १२° से. आणि मे महिन्याच्या दुपारी ४२° से. तापमान असू शकते. त्यामुळे एकाच खेपेची गोळी उन्हाळ्यात सेकंदास सु. १५ मी. अधिक वेगाने निघते. ३०० मी.वर गट ३ सेंमी.हून किंचित जास्त वर सरकतो, आणि ९०० मी.वर हाच फरक ४० सेंमी.च्या आसपास जातो. हिवाळ्यात जुळविलेली दर्शी उन्हाळ्यात पुन्हा जुळवावी लागते, ती यामुळेच.

महाराष्ट्रात खडकी (स्थापना १८६९) व वरणगाव (१९६४) येथील कारखान्यांत लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. २०२१ पासून ते म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहेत. लष्करी काडतुसाकडून मुख्य अपेक्षा असते ती कोणत्याही हवामानात व कोणत्याही शस्त्रात हमखास उडण्याची. सूक्ष्म गटाची नव्हे. हिंगोली येथील राज्य राखीव पोलीस बलासारख्या दलांच्या सरावात शिपायास निवडीचा वाव नसतो. मिळालेल्या काडतुसाप्रमाणे दर्शी जुळविणे एवढेच त्याच्या हाती उरते. खाजगी नेमबाजासही काही देशांप्रमाणे घरी काडतुसे भरता येत नाहीत, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळ्याचे उत्पादन निषिद्ध आहे. त्यामुळे खेपांची परीक्षा हाच त्याच्यापुढील मार्ग होय.

निवडलेली काडतुसे एकाच तापमानात, कोरड्या जागी ठेवावीत व उन्हात पडू देऊ नयेत. सलग गोळीबाराने नळी तापलेली असताना काडतूस तिच्यात घालून नेम धरीत बसल्यास दारू नळीच्या उष्णतेने तापते आणि ती एकच गोळी गटाबाहेर वर जाते. अशा वेळी ते काडतूस झाडण्याच्या ऐन क्षणीच आत घालावे.