मुका संगणक

देशातील पहिले आधार क्रमांक 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. त्याच जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगावी, एखाद्या मुलाने सुटे भाग आणून संगणक जुळवावा आणि कळ दाबताच यंत्राने हूं की चूं करू नये! घरच्यांना वाटते, पैसे बुडाले.

पण वाचकहो, बहुधा एखादा सांधाच सैल असतो. वीज तोडून प्रोसेसरजवळची वीजजोडणी पाहावी. ती जोडायची हटकून राहते. रॅमची पट्टी खटका वाजेपर्यंत दाबावी. तरीही अडले, तर प्रोसेसर, पंखा, एकच रॅम व पडदा एवढ्यावर चालवून पाहावे. मग दर खेपेस वीज तोडून एकेक भाग जोडावा. अडेल तिथे दोष; भागात किंवा त्याच्या खाचेत. नवा भाग मागवण्याआधी जुना सांधा तपासावा.