मांस चार प्रकारचं, नाव मात्र पाल्याचं

क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकमध्ये थंडी पडली की मोठं पातेलं चुलीवर चढतं. त्यात काय काय पडतं बघा: मेंढ्याचं सुकं मटण, डुकराच्या धुरावलेल्या फासळ्या, एखादं सॉसेज, हॅमचं हाड. एवढं मांस घालूनही या सुपाचं नाव आहे ‘झेलेना मेनेस्त्रा’. झेलेना म्हणजे हिरवी! मला हे नाव फार आवडतं, कारण या सुपाचं सगळं मर्म त्यातच आहे. मांसाने खार आणि धूर द्यायचा, पोट भरायचं ते पाल्याने.

‘मेनेस्त्रा’ हे इटालियन ‘मिनेस्त्रा’चं भावंड. मुळात लॅटिन शब्द, अर्थ ‘जेवण वाढणं’. क्रोएशियाच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, इस्त्रियात, हीच ‘मानेश्त्रा’ होते आणि तिच्यात राजमा, कोवळ्या मक्याचे दाणे पडतात. दक्षिणेत मात्र राज्य पाल्याचं.

गड्डा न धरणारा कोबी

हा पाला म्हणजे राश्तिका. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, आपला नवलकोल आणि ही राश्तिका, वनस्पतिशास्त्राच्या लेखी सगळ्यांची जात एकच. फरक एवढाच, की राश्तिका गड्डा धरत नाही. खालची पानं खुडत जायचं, वरचा शेंडा वाढू द्यायचा. काही महिन्यांत उघड्या दांड्यावर हिरवा झुपका असं छोट्या ताडासारखं झाड परसात उभं राहतं. गारठा वाढला की पानं चवीला गोड होतात, कारण पेशींतलं पाणी गोठू नये म्हणून झाड पानांत साखर साठवतं. म्हणून तर हे सूप थंडीतलं.

वारा, मीठ आणि मेंढा

सुक्या मटणाला म्हणतात ‘काश्त्रादिना’. नाव आलंय खच्ची केलेल्या मेंढ्यावरून. मीठ चोळायचं, धुरी द्यायची आणि मग वाऱ्यावर टांगायचं. हा वारा ‘बुरा’ नावाचा, डोंगरावरून समुद्राकडे झेपावणारा, कोरडा आणि बोचरा. मांस सुकवायला याच्यासारखा गडी नाही. आणि मीठ? दुब्रोव्हनिकजवळच्या स्टोन गावात आजही मिठागरं आहेत. १३३३ साली दुब्रोव्हनिकने हा मुलूख घेतला आणि मिठाच्या राखणीसाठी तटबंदी बांधली. तिचा सुमारे साडेपाच किलोमीटर भाग अजून उभा आहे. मिठासाठी एवढी भिंत!

याच मटणाची एक आठवण समुद्रापलीकडे व्हेनिसने जपली आहे. १६३०-३१ च्या प्लेगने ते शहर उजाड केलं. त्या काळात डाल्मेशियाचे, म्हणजे दुब्रोव्हनिकच्या बाजूच्या किनारपट्टीचे लोक खारवलेलं मटण पुरवत राहिले, असं व्हेनिसकर सांगतात. साथ ओसरल्यावर बांधलेल्या सालुते चर्चचा उत्सव दर २१ नोव्हेंबरला असतो आणि त्या दिवशी घराघरांत ‘कास्त्रादिना’ शिजतं, म्हणजे सुकं मटण आणि कोबी. संकटात धावून आलेल्या शेजाऱ्याचे आभार पातेल्यातून मानायची ही रीत मला फार मोलाची वाटते.

    

आता पातेल्याकडे

सुकं मटण आदल्या रात्री भिजत घालायचं. सकाळी एक उकळी आणून ते खारट पाणी फेकायचं. मग ताज्या पाण्यात सगळं मांस मंद आचेवर शिजू द्यायचं, दीड-दोन तास, हाड सुटेपर्यंत. सॉसेज शेवटी. मीठ घालायचंच नाही, स्टोनचं मीठ कधीच आत पोचलेलं असतं.

राश्तिकाच्या पानाची मधली शीर जाड असते. पान उलटं धरून ती सुरीने काढायची, मग पानं हातानेच मोठी मोठी फाडायची. चिरण्यापेक्षा फाडलेली बरी, रश्शात तुकडा जिभेला लागतो. वेगळ्या पाण्यात पाल्याला एक उकळी दिली की कडवटपणा जातो. तेव्हा झाकण घालू नये. पाल्यातली आम्लं वाफेबरोबर निघून जायला हवीत, ती पाण्यात परतली तर क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम सुटतं आणि हिरवा रंग शेवाळी पडतो. मेथी-पालक उघड्यावर शिजवणाऱ्या घरांना हे मुरलेलं आहे.

मांस काढून घ्यायचं आणि त्याच पाण्यात कोबी, राश्तिका आणि बटाटे घालायचे. बटाटा हा यातला नवा पाहुणा, अमेरिका खंडातून आलेला, पण आता त्याच्यावाचून चालत नाही. दोन-चार फोडी पळीने पातेल्याच्या कडेला चेपल्या की रस्सा आपसूक दाटतो.

वाढताना मांस वेगळ्या ताटात, तुकडे करून. खोलगट बशीत आधी पाला आणि बटाटा, त्यावर गरम रस्सा. वरून कच्चं ऑलिव्ह तेल सोडायचं, चांगलं सढळ हाताने, पानांवर सोनेरी थेंब तरंगेपर्यंत.