प्रकल्पाच्या वहीत मुलाचं स्वतःचं काय असतं?

मंडळी, शाळेतल्या प्रकल्पाबद्दल बोलायचं तर आधी स्टेशनरीच्या दुकानात जाऊ. ‘दुष्काळ’, ‘प्रदूषण’, ‘थोर नेते’ असे चित्रांचे छापील तक्ते तिथे टांगलेले असतात. मुलगा तक्ता आणतो, आई चित्रं कापते, बाबा मोबाईलवरून चार पानं छापून आणतात आणि मुलगा ती सुंदर अक्षरात उतरवतो. गुणही मिळतात. पण त्या वहीत मुलाचं स्वतःचं काय असतं? अक्षर. तेवढंच.

मुलं आळशी आहेत म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. आपण विषय देतो ‘दुष्काळ’. एवढ्या अवाढव्य विषयावर नववीतला मुलगा उतरवून काढण्याशिवाय करणार तरी काय? म्हणून पहिलं काम, विषयाचा प्रश्न करायचा. ‘दुष्काळ’ नको, ‘१९७२चा दुष्काळ’ हेसुद्धा मोठंच झालं. ‘१९७२च्या दुष्काळात आमच्या गावातल्या लोकांना कोणतं काम मिळालं?’ हा झाला प्रश्न. याचं तयार उत्तर नेटवर सापडणं कठीण. म्हणजे शोधावंच लागेल.

आधी थोडी पूर्वतयारी. वाईहून सुरू झालेला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश आज नेटवर फुकट वाचता येतो. आपल्या जिल्ह्याचं गॅझेटियर बघावं. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि कळलं ते दोन वाक्यांत लिहायचं. खाली पुस्तकाचं नाव आणि पान, लगेच. ‘नंतर लिहू’ म्हटलं की ते पान पुन्हा सापडत नाही!

मग आजीकडे जायचं. ‘दुष्काळ कसा होता?’ असं विचारलंत तर ती म्हणेल, ‘लई वाईट.’ संपलं. त्यापेक्षा विचारा, कामावर किती लांब चालत जायचीस? मजुरी कधी हातात यायची? कामावर तान्ही मुलं कोण सांभाळायचं? खायला काय मिळायचं? मग खडी फोडल्याचं निघेल, पाझर तलावाचं निघेल, सुकडी आणि लाल मिलो निघेल. साल विचारू नका, ते आठवत नाही. ‘तुझा मोठा काका तेव्हा रांगत होता,’ असं ती सांगेल. काकाची जन्मतारीख घरात आहेच की, साल तुम्ही काढा.

आता खरी मजा. आजी म्हणते, ‘आम्ही रोजगार हमीवर जायचो.’ पण रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ साली आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९पासून. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेली ही योजना कायद्याच्या आधीही होती. पण ७२-७३मध्ये गावोगाव निघालेली बहुतेक कामं सरकारची दुष्काळी कामं होती. मग आजी खोटं बोलते का? अजिबात नाही. पुढे अनेक वर्षं तसल्याच कामांना रोजगार हमी म्हणत, आणि ते नाव आठवणीत मागे सरकलं. मुलानं दोन्ही लिहावं. आजीचे शब्द आहेत तसे, शेजारी कायद्याची तारीख आणि खाली स्वतःचा अंदाज. माझ्या मते संशोधन म्हणतात ते इथे सुरू होतं. आजीचं वाक्य ‘दुरुस्त’ करून टाकलं तर ते तिथेच मेलं.

लिहिताना सुरुवात ‘दुष्काळ ही एक नैसर्गिक आपत्ती आहे’ अशी नको. तो तक्ता परत आला. ‘आजी सांगते, की गावच्या पाझर तलावाच्या बांधावर तिने माती टाकली आहे’, इथून सुरू करा. ‘आजी सांगते’ हे दोन शब्द मात्र गाळू नका. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की हे कागदावरून आलेलं नाही.

एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘वर्गात साठ मुलं. एवढं तपासायचं कधी?’ बाई, सगळी वही वाचू नका. टिपणांचं एक पान बघा आणि मुलाला एकच विचारा, ‘आजीनं हे सांगितल्यावर तू पुढे काय विचारलंस?’ ज्यानं खरंच विचारलंय तो थांबता थांबत नाही.