शीर सांधली, म्हणजे नवी झाली का?

टाचेच्या वर मागच्या बाजूला चिमटीत येणारा जाड, कडक पट्टा म्हणजे पिंढरीच्या स्नायूला हाडाशी बांधणारा टेंडन, अर्थात कंडरा. बोलण्यात आपण त्याला शीर म्हणतो, पण ती रक्तवाहिनी नव्हे आणि मज्जातंतूही नव्हे. कोलॅजनचे तंतू सुतळीच्या पेडांसारखे एका दिशेने रचलेले, मध्ये तुरळक पेशी आणि जेमतेम रक्तपुरवठा, एवढाच तिचा संसार. ती दुखावली की चारी बाजूंनी सल्ले सुरू होतात आणि त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

‘हाड दीड महिन्यात जुळतं, मग शीरही जुळेल’

हाड जुळताना पुन्हा हाडच तयार होतं. शिरेचं तसं नाही. पहिले काही दिवस सूज असते, तेव्हा पेशी मोडतोड साफ करत असतात. पुढचे काही आठवडे घाईघाईने नवं कोलॅजन भरलं जातं. ते तिसऱ्या प्रकारचं, म्हणजे बारीक तंतूंचं आणि वेडंवाकडं पसरलेलं असतं. साधारण सहा आठवड्यांनंतर कुठे त्याच्या जागी पहिल्या प्रकारचं जाड कोलॅजन येऊ लागतं आणि तंतू ओढीच्या दिशेने वळतात. हे काम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतं. एवढं करून शेवटी तयार होतो तो व्रणच.

याचं कारण शोधायला अणुबॉम्ब उपयोगी पडला! 1955 ते 1963 या काळातल्या अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बन-14 एकदम वाढलं, ते अन्नातून माणसांच्या शरीरात गेलं. कुठलं ऊतक कधी घडलं, याची तारीखच जणू त्यात नोंदली गेली. कोपनहेगनच्या संशोधकांनी टाचेच्या शिरेचा गाभा या पद्धतीने तपासला आणि 2013 मध्ये निष्कर्ष मांडला: हा गाभा आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांत, उंची वाढत असताना घडतो, पुढे जवळपास बदलतच नाही. त्याच माणसांचे स्नायू मात्र सतत नवे होत होते. म्हणजे पन्नाशीतला माणूस ज्या शिरेवर चालतो, तिचा गाभा त्याच्या शाळा-कॉलेजातल्या वयाचा असतो. मोठेपणी जी वस्तू शरीर मुळात बनवतच नाही, ती दुखापतीनंतर हुबेहूब कशी बनवणार?

‘दुखतंय तोवर अजिबात हलवायचं नाही’

हा सल्ला सर्वांत जास्त नुकसान करतो. विळीने किंवा मांज्याने बोटाची तळव्याकडची शीर कापली, तर शिवल्यावर ती भोवतालच्या आवरणाला चिकटते आणि बोट वाकत नाही. या भीतीने बोटाच्या मुळाशी असलेल्या भागात शीर लगेच शिवूच नये, असा हाताच्या शल्यविशारदांचा अनेक वर्षं दंडक होता. अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या हॅरोल्ड क्लाइनर्ट यांनी 1960च्या दशकात तो मोडला. शीर शिवायची, नखाला रबरबँड अडकवायचा. रुग्णाने बोट स्वतः सरळ करायचं आणि रबरबँडने ते परत वाकवायचं. टाक्यावर ताण नाही, पण शीर आवरणातून सरकत राहते.

जुनाट दुखण्यातही तेच. स्वीडनमधल्या उमिओच्या हाकान अल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये टाचेची शीर दुखणाऱ्या 15 धावपटूंना पायरीच्या कडेवर उभं करून टाच सावकाश खाली सोडायला लावली. गुडघा ताठ ठेवून आणि वाकवून, प्रत्येकी पंधराचे तीन फेरे, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. पंधराही जण पुन्हा पळू लागले. नंतरच्या अभ्यासांत यश इतकं घवघवीत नव्हतं, तरी बेताबेताने वाढवलेला भार हाच आजही उपचाराचा कणा आहे. शिरेतल्या पेशींना ओढ जाणवली तरच तंतू कुठल्या दिशेला रचायचे, हे त्यांना कळतं. तुटलेली शीर हे वेगळं प्रकरण. तिथे आधी डॉक्टर.

‘इंजेक्शनने दुखायचं थांबलं, म्हणजे बरं झालं’

ऑस्ट्रेलियात टेनिस एल्बोच्या, म्हणजे कोपराजवळची शीर दुखण्याच्या रुग्णांवरचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी 54 टक्क्यांना वर्षभरात दुखणं उलटलं, नुसतं खाऱ्या पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण 12 टक्के होतं. स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं, म्हणजे पीआरपीचं इंजेक्शन नेदरलँड्समध्ये टाचेच्या जुनाट दुखण्यावर तपासलं गेलं. 2010च्या त्या अभ्यासात तेही खाऱ्या पाण्यापेक्षा सरस ठरलं नाही.

‘गर्भात व्रण राहत नाही, ती गर्भजलाची किमया’

मेंढीच्या गर्भातली शीर कापली तर ती व्रणाशिवाय भरून येते, हे खरं. पण अशी शीर प्रौढ उंदराच्या कातडीखाली बसवून जखम केली, तरी ती तशीच भरून आली. गुण पाण्याचा नव्हे, त्या कोवळ्या ऊतकाचा. नवजात उंदराची टाचेची शीरही नवी घडते, प्रौढाची मात्र व्रणाने सांधते. शिरेचं नसलं, तरी दुसऱ्या ऊतकाचं असं भरून येणं क्वचित प्रौढालाही जमतं. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत एलन हेबर-कॅट्झ यांनी एमआरएल जातीच्या उंदरांच्या कानांना ओळखीसाठी भोकं पाडली होती. काही आठवड्यांत ती खूण न ठेवता बुजली.

तरीही व्रणाला शत्रू मानायचं कारण नाही. गर्भातल्या मेंढीला त्या पायावर पळायचं नसतं. मोठ्या प्राण्याला लवकर उभं राहावं लागतं आणि ओबडधोबड का होईना, व्रण ते साधून देतो.

माणसाची शीर व्रणाशिवाय नवी करणारा सिद्ध उपचार आज कुठेच नाही. ‘स्टेम सेलने शीर पहिल्यासारखी करू’ असं कुणी दरपत्रक पुढे करून सांगितलं, तर एवढं ठाऊक असू द्या: भारताच्या 2017च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर असा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.